जग्वार घ्यायची, पण कोणती?

आपल्या घरात साधा प्रेशर कुकर घ्यायचा झाला तरी आठ दिवस खल चालतो. पाच लिटरचा की साडेसात लिटरचा, झाकण आतून बसणारे की बाहेरून, आणि शेजारच्या काकूंनी घेतला त्याची शिटी कशी वाजते, येथवर चौकशी जाते. मग जिच्या किमतीत गावाकडचे घर दुरुस्त होऊन वर एक लग्नही पार पडेल, अशी मोटार घ्यायची म्हटल्यावर खल किती व्हावा? तोही मोटार घ्यावी की न घ्यावी याचा नव्हे; एकाच मोटारीच्या पाच तऱ्हांपैकी कोणती, एवढाच! गेल्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये मी अशा एका खलात तीन आठवडे गळ्यापर्यंत बुडालो होतो. वाचकहो, फराळाचे ताट पुढ्यात घेऊन हा अंक चाळणाऱ्या तुम्हां मंडळींवर हाच प्रसंग येईल असे नाही. पण निवड करण्याचा प्रसंग कुणाला चुकला आहे? म्हणून ही हकीकत.

माझे आतेभाऊ पंचाहत्तरी ओलांडलेले निवृत्त डॉक्टर आहेत. आम्ही सारे त्यांना दादा म्हणतो. १९७३ साली ते मुंबईहून इंग्लंडला गेले आणि कॉव्हेंट्रीच्या आसपासच्या इस्पितळांतून त्यांनी सारी नोकरी केली. पहिल्याच हिवाळ्यात इस्पितळाच्या आवारात त्यांच्या वरिष्ठ सर्जनसाहेबांची हिरवी ई-टाइप जग्वार उभी असे. रात्रपाळी संपवून दादा बाहेर पडत तेव्हा तिच्या लांबलचक नाकावर दव साचलेले असे. दादा तिला एक प्रदक्षिणा घालत आणि बसच्या थांब्याकडे चालू लागत.

ती गाडी तेव्हाच त्यांच्या मनात बसली, आणि मनातच राहिली. पगारातले पैसे इकडे आत्याकडे यायचे होते, दोन बहिणींची लग्ने व्हायची होती. मग तिकडचे घर, मग मुलांची शिक्षणे. पन्नास वर्षांत दादांनी सहा मोटारी घेतल्या. सहाही चार दारांच्या, मागे सामानाला ऐसपैस जागा असलेल्या.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी मोठे घर विकून लहान घर घेतले. हातात काही रक्कम उरली. वहिनी म्हणाल्या, "घ्या एकदाची ती जग्वार. नाहीतर पुढच्या जन्मीही बसच्या थांब्यावरच उभे राहाल." पुण्याच्या एका मोटार कारखान्यात माझी तीस-बत्तीस वर्षे गेलेली, तेव्हा दादांचा फोन आला, "तू ये. लोखंडाची पारख तुला आहे, मला हाडांची." मी गेलो.

कॉव्हेंट्रीची लेक

जग्वार या नावामागचा माणूस विल्यम लायन्स. १९२२ साली त्याने ब्लॅकपूल येथे भागीदारीत फटफटीला जोडायच्या साइडकार बनवायला सुरुवात केली; त्यातून मोटारी निघाल्या आणि कारखाना कॉव्हेंट्रीला आला. १९५५, ५६ आणि ५७ अशी लागोपाठ तीन वर्षे फ्रान्समधल्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जग्वारच्या डी-टाइप गाड्या पहिल्या आल्या. शर्यतीत मिळालेले हे ज्ञान रस्त्यावरच्या गाडीत उतरवायचे म्हणून ई-टाइप जन्माला आली.

तिचा आकार ठरवणारा माल्कम सेयर हा मुळात विमानांच्या कारखान्यातला माणूस. हवा कापत जाणाऱ्या वक्ररेषा तो गणिताने काढी. म्हणून ही गाडी एखाद्या चित्रकाराने स्वप्नात पाहिल्यासारखी दिसते खरी, पण तिच्या अंगावरची प्रत्येक गोलाई आकड्यांतून आलेली आहे. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने १९९६ साली एक निळी ई-टाइप आपल्या संग्रहात घेतली. चित्रांच्या आणि पुतळ्यांच्या पंक्तीला मोटार बसली!

मार्च १९६१ मध्ये जिनीव्हा येथे ती प्रथम लोकांपुढे आली. बसून पाहायला एवढी झुंबड उडाली की एक गाडी पुरेना. कॉव्हेंट्रीला फोन गेला, आणि नॉर्मन ड्यूइस नावाचा कारखान्याचा चालक हातातले काम टाकून दुसरी गाडी घेऊन निघाला, तो रातोरात समुद्र ओलांडून, फ्रान्स तुडवीत सकाळी जिनीव्हात हजर. वेग ताशी दीडशे मैल, म्हणजे २४० किलोमीटरच्या वर, असा गवगवा झाला. किंमत करासकट दोन हजार पौंडांच्या थोडी वर. त्याच तोलाच्या ॲस्टन मार्टिनला जवळजवळ दुप्पट मोजावे लागत आणि फेरारीला त्याहूनही जास्त. १९६१ ते १९७४ या काळात बहात्तर हजारांवर ई-टाइप तयार झाल्या, त्यांतल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या.

आणखी एक नाते सांगायला हवे. २००८ साली टाटा मोटर्सने फोर्डकडून जग्वार आणि लँड रोव्हर ह्या दोन्ही कंपन्या विकत घेतल्या. दादांचा इंग्रज शेजारी तेव्हापासून त्यांना थट्टेने 'मालक' म्हणतो. मालकांना गाडी मात्र पदरचे पैसे मोजूनच घ्यायची होती.

पहिली: ३.८

१९६१ ते १९६४ मधली ही पहिलीवहिली तऱ्हा. सहा सिलिंडर, ३,७८१ घन सेंटिमीटर, तीन कार्बुरेटर आणि कंपनीच्या सांगण्याप्रमाणे २६५ अश्वशक्ती. पुढच्या दिव्यांवर काचेचे झाकण, हवा ओढणारे तोंड लहानसे, काच पुसायला दोन नव्हे तर तीन वायपर. दिसायला पाचही बहिणींत हीच सर्वांत देखणी, याबद्दल दुमत नाही.

हिच्यातही पुन्हा भेद. अगदी सुरुवातीच्या सुमारे पाचशे गाड्यांचे नाक बाहेरून, वेगळ्या चावीने उघडावे लागे. आणि १९६२ च्या आरंभापर्यंतच्या गाड्यांची जमीन सपाट होती. पाय ठेवायला खोलगट जागा नव्हती. लोकांची तक्रार आली, कारखान्याने खोलगट जागा केली. आज गंमत अशी, की ज्या उणिवेबद्दल तेव्हाच्या गिऱ्हाइकाने कपाळाला हात लावला, तिच्यासाठीच आजचा शौकीन सर्वांत जास्त पैसे मोजतो! कारण त्या थोड्या आहेत आणि पहिल्या आहेत.

अशी एक आम्ही पाहिली. राखी रंगाची, आतली कातडी लाल. दादा आत बसले. बसले म्हणजे काय, आधी पाठ आत, मग एक पाय, मग दुसरा, आणि शेवटी गुडघा आणि स्टिअरिंग यांची तडजोड. दादा उंचीने सहा फुटांना दोन बोटे कमी. मालकाने आदराने दार लावले. दोन मिनिटांनी आतून आवाज आला, "हे दार जरा उघडता का?"

शिवाय ह्या गाडीच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही. गाडी पुरती थांबल्याशिवाय पहिला गिअर टाकला तर दात खरखरतात आणि सारा चौक वळून पाहतो. ब्रेकही हिच्या वेगाच्या मानाने हलके, अशी तक्रार तेव्हापासूनची आहे. सौंदर्य पहिल्या नंबरचे, आणि तेवढेच हट्टी.

दुसरी: ४.२

ऑक्टोबर १९६४ मध्ये इंजिन ४,२३५ घन सेंटिमीटरचे झाले. गंमत पाहा, कागदावरची अश्वशक्ती तीच, २६५. मग फरक काय पडला? फरक पडला ओढीत. इंजिन सावकाश फिरत असतानाही गाडी जोर धरू लागली, आणि आपले निम्मे आयुष्य सावकाश फिरण्यातच जाते. चारही गिअर सिंक्रोमेशचे आले, ब्रेक सुधारले, विजेची व्यवस्था सुधारली, आणि बसायच्या जागा माणसासाठी केल्यासारख्या झाल्या. रूप मात्र तेच राहिले. तीच काचेची झाकणे, तेच लहान तोंड.

कारखान्यात आयुष्य गेलेल्या माणसाला अशी सुधारणा फार आवडते. जिथे दुखत होते तिथेच हात घातला. चेहऱ्याला धक्का लावला नाही.

हीत दोन प्रकार मिळतात. एक उघड्या टपाची, तिला रोडस्टर म्हणतात. दुसरी बंद टपाची, ती कूपे. कूपेचे मागचे दार कपाटासारखे बाजूला उघडते आणि दोन बॅगा सुखाने आत जातात. उघड्या टपाची गाडी बाजारात बरीच महाग. इंग्लंडच्या पावसात टप नसलेल्या गाडीला जास्त पैसे का द्यायचे, हा वहिनींचा प्रश्न मला अजून सोडवता आलेला नाही.

तिसरी: टू-प्लस-टू

संसारी गिऱ्हाइकाचा विचार करून १९६६ साली कारखान्याने गाडीची चाके एकमेकांपासून नऊ इंच लांब सारली, टप दोन इंच उंच केला आणि मागे दोन लहान जागा काढल्या. शिवाय मागाल तर आपोआप गिअर बदलणारी पेटी. म्हणजे डाव्या पायाला काम नाही. शौकीन मंडळी हिच्याकडे पाहून नाक मुरडतात. टपाची रेषा मागून जरा पोक काढल्यासारखी दिसते, हेही खरे. पण त्यामुळेच किंमत रोडस्टरच्या मानाने खूप खाली, कधी कधी निम्म्याच्या आसपास.

चौथी: दुसरी मालिका

१९६८ पासून अमेरिकेत मोटारींच्या सुरक्षिततेचे आणि धुराचे नवे कायदे लागू झाले. सर्वांत मोठे गिऱ्हाईक अमेरिका; तेव्हा गाडीने त्याच्या मर्जीप्रमाणे चेहरा बदलला. दिव्यांवरची काचेची झाकणे गेली, मागचे-पुढचे लहान दिवे मोठे होऊन बंपरच्या खाली आले, आतली खटक्याची बटणे जाऊन चपटी आली. अमेरिकेच्या गाडीत तीनाऐवजी दोनच कार्बुरेटर राहिले आणि जोर उणावला.

पण हिच्यासाठी एक शब्द टाकला पाहिजे. तोंड मोठे केल्यामुळे आणि दोन विजेचे पंखे बसवल्यामुळे ही बहीण रहदारीत कमी तापते. ब्रेकही आणखी चांगले. रूपाने एक पायरी खाली, स्वभावाने एक पायरी वर. संसाराला अशीच बरी, असे आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांनी नक्की म्हटले असते.

पाचवी: व्ही-१२

१९७१ साली कारखान्याने बारा सिलिंडरांचे ५,३४३ घन सेंटिमीटरचे नवे इंजिन ह्याच गाडीत बसवले. आता दोन्ही तऱ्हांना, उघड्या टपाच्या आणि टू-प्लस-टू, तीच लांब बैठक मिळाली आणि दोनच जागांची जुनी कूपे बंद झाली. तोंडाला जाळी आली, चाकांवरच्या कमानी फुगल्या, स्टिअरिंगला शक्तीची मदत आली. बाराही सिलिंडर चालू असताना आवाज कसा, तर शिवणयंत्र दुसऱ्या खोलीत चालावे तसा.

पण १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये तेलाचे संकट आले, आणि गॅलनला जेमतेम चौदा-पंधरा मैल जाणाऱ्या गाडीचे दिवस फिरले. १९७४ साली उत्पादन थांबले. शेवटच्या पन्नास गाड्यांपैकी एकूणपन्नास काळ्या रंगाच्या होत्या, कुटुंबातल्या कुणाचे सुतक धरावे तशा.

दादांनी ही चालवून पाहिली. खाली उतरले ते प्रसन्न मुद्रेने. म्हणाले, "अतिशय सुखाची गाडी आहे." आणि थोडे थांबून, "पण माझी ती ही नव्हे." सर्जनसाहेबांच्या गाडीच्या नाकाला जाळी नव्हती.

रंगाखाली काय?

येथपर्यंत झाली रूपगुणांची चर्चा. पण साठ वर्षांच्या गाडीत तऱ्हेहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे तिचे हाड. ई-टाइपला आपल्या जुन्या गाड्यांसारखी खाली जाड चौकट नाही. मधला भाग म्हणजे पत्र्याचे एक कवच, आणि त्याला पुढे बोल्टांनी जोडलेला चौकोनी नळ्यांचा सांगाडा, त्यावर इंजिन. कवचाचा सारा भार दाराखालच्या उंबरठ्यावर. तो उंबरठा गंजला की गाडीचा कणाच गेला म्हणायचा. नळ्या तर आतून गंजतात. वरून रंग झकास, आत भुगा.

म्हणून मी खिशात एक टॉर्च आणि एक लोहचुंबक घेऊन फिरत होतो. एका विक्रेत्याकडे लालभडक रोडस्टर उभी होती. अमेरिकेतून परत आणलेली, स्टिअरिंग डावीकडून उजवीकडे घेतलेले. दादा पाहताक्षणी विरघळले. मी उंबरठ्याला चुंबक लावला. तो खाली पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला. पत्र्याच्या जागी लांबी भरून वर रंग चढवलेला! विक्रेता म्हणाला, "जुन्या गाड्यांत थोडेफार असायचेच." वहिनी मराठीत म्हणाल्या, "ह्याचे दात तपासा आता."

नाक उघडले की ह्या गाडीचा पुढचा सारा भाग एकसंध पुढे कलतो. ते नाक आणि दार यांच्यामधली फट दोन्ही बाजूंना सारखी आहे का, हे आधी पाहावे. एका बाजूला करंगळी जाते आणि दुसऱ्या बाजूला पोस्टकार्डही जात नाही, असे दिसले तर गाडीने कुठेतरी धडक खाल्ली आहे. इंजिन गरम झाल्यावर तेलाचा दाब पाहावा. क्लच किती राहिला आहे तेही विचारावे. कारण क्लच बदलायचा तर इंजिन आणि गिअरपेटी दोन्ही बाहेर काढावी लागतात. मागचे ब्रेक चाकांपाशी नसून आत, मधोमध आहेत. त्यांचे काम काढायचे तर मागचा सारा सांगाडा खाली उतरवावा लागतो. सामान स्वस्त मिळाले तरी मजुरी घाम फोडते.

आणि कागद! कारखान्याच्या जुन्या नोंदींवरून जग्वारच्या वारसा संस्थेकडून एक प्रमाणपत्र मिळते. त्यात गाडीचा, इंजिनाचा आणि गिअरपेटीचा मूळ क्रमांक, मूळ रंग आणि कारखान्यातून निघाल्याची तारीख असते. गाडीवरचे आकडे त्याच्याशी जुळले पाहिजेत. ही आपली पत्रिका म्हणा. फरक इतकाच, की ही जुळली नाही तर शांत करून भागत नाही, किंमत खाली येते.

वेगाचे मात्र आम्ही तिघांनी एकमताने सोडून दिले. १९६१ साली इंग्लंडच्या महामार्गावर वेगाला बंधन नव्हते. १९६५ च्या डिसेंबरात ताशी सत्तर मैलांचे बंधन आले, ते आजही आहे. मग एक बहीण दीडशेने जाते आणि दुसरी एकशे चाळीसने, ह्याची चर्चा करणे म्हणजे दोन खोल्यांच्या जागेत हत्ती उजवा की घोडा हे ठरवणे.

शेवटच्या दोघी

तीन आठवड्यांच्या अखेरीस दोन गाड्या उरल्या. एक १९६६ ची ४.२ कूपे. रंग उडालेला, बैठकीची कातडी तडकलेली. पण चुंबक उंबरठ्याला घट्ट धरून बसला, नळ्या निकोप, आकडे जुळलेले. दुसरी १९६७ ची टू-प्लस-टू, आपोआप गिअरची, निगा राखलेली, आणि कूपेपेक्षा बरीच स्वस्त.

कूपे दादांनी वीस मैल चालवली. मोकळ्या रस्त्यावर त्यांचा चेहरा मी पाहत होतो. मी पाचवीत असताना आत्याच्या घरी पाहिलेला विशीतला दादा मला त्यात दिसला. पण परतताना गावात रहदारी लागली. सिग्नलमागून सिग्नल. त्यांच्या डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली. क्लच दाबून दाबून संध्याकाळपर्यंत गुडघा सुजला. वहिनींनी बर्फाची पिशवी आणून ठेवली. कुणी काही बोलले नाही.

रात्री जेवणानंतर दादांनी कागदावर दोन रकाने आखले. डॉक्टरांची सवय! टू-प्लस-टूच्या रकान्यात लिहिले: पैसे कमी, गुडघ्याला आराम, मागे नातवंडांना जागा. कूपेच्या रकान्यात काहीच लिहिले नाही. मग पेन्सिल ठेवून म्हणाले, "टू-प्लस-टू घेऊ. शहाणपण त्यात आहे. हो की नाही रे?"

मी म्हणालो, "दादा, लोखंड दोन्हींचे चांगले आहे. तेवढेच मी सांगू शकतो."

वहिनी ताटे आवरत होत्या. हात पुसून त्या खुर्चीवर येऊन बसल्या.

"नातवंडांना जागा म्हणता? थोरला तुमच्याहून उंच झालाय. त्या मागच्या फळीवर त्याला मांडी घालून बसवणार आहात का?"

"अगं, तसं नव्हे. कधी कुणी आलं गेलं तर..."

"तेच म्हणते मी." वहिनींचा आवाज चढला नव्हता. "घर घेतलं ते सासूबाई येतील म्हणून एक खोली जास्तीचं. त्या दोनदा आल्या, आनंद झाला. गाड्या घेतल्या त्या विमानतळावरून कुणाकुणाला आणायला सामानाची जागा पाहून. मुलं मागे, पुतणे मागे, तबला मागे, पोह्यांची पोती मागे. मी काही तक्रार करत नाही, ते सगळं आपलंच होतं. पण पन्नास वर्षांत आपण दोघांनीच बसावं अशी एक वस्तू घरात आली नाही. आता जिच्यात तिसऱ्याला जागाच नाही, अशी घ्यायची."

दादा कागदाकडे पाहत राहिले. "आणि वरचे पैसे?"

"स्वयंपाकघर नवीन करायला ठेवलेत ना, ते घ्या. आहे त्या ओट्यावर अजून दहा वर्षं पोळ्या होतील."

"आणि गुडघा?" दादांनी गुडघ्यावरची पिशवी उचलून दाखवली. "हा त्या क्लचला पुरा पडायचा नाही, आज पाहिलंस तू."

"माझे गुडघे शाबूत आहेत," वहिनी म्हणाल्या. "शाळेच्या कचेरीत पंचवीस वर्षं नोकरी केली, रोज बावीस मैल गाडी हाकत. बर्फात, धुक्यात. गावातून मी काढीन. मोकळा रस्ता लागला की तुमच्या हातात देईन. तिथे कुठे सारखा क्लच लागतो? काय हो भावोजी?"

मी म्हणालो, "वहिनी, चौथ्या गिअरमध्ये ही गाडी फार खालच्या वेगापासून ओढते. ४.२ चा गुणच तो."

पन्नास वर्षे ज्या गाडीच्या चाकामागे आपण बसू असे दादांनी मनाशी धरले होते, ती घराच्या दारातून बाहेर काढताना आपण बाजूच्या जागेवर असणार, हे त्यांना गिळायला थोडा वेळ लागला. ते उठून खिडकीपाशी गेले. मग परत येऊन त्यांनी कूपेच्या रकान्यात काहीतरी लिहिले आणि कागद घडी करून खिशात घातला. काय लिहिले ते मी विचारले नाही.

सौदा करताना मी एकच आग्रह धरला. गाडीला ठरवलेल्या रकमेचा पाचवा हिस्सा किमतीत घालवायचा नाही. तो दुरुस्तीसाठी वेगळा ठेवायचा. अशी गाडी घेणाऱ्याने, मग ती पाचांपैकी कोणतीही असो, हा नियम पाळावा. रंग उडालेला होता म्हणून मालकाने किंमत उतरवली. तडकलेली कातडी आणि उडालेला रंग ह्यांनी गाडी थांबत नाही; त्यांचे पुढे पाहता येते.

गाडी घरी आणली त्या दिवशी वहिनींनी गुडघ्यापर्यंतचा कोट घातला होता आणि पायांत चपट्या तळव्याचे जोडे. पाठ, मग एक पाय, मग दुसरा. तिसऱ्या प्रयत्नात त्यांना ते साधले. दादा शेजारी बसून तेलाचा दाब वाचत होते, जणू रुग्णाचा रक्तदाबच. मी मागून दादांच्या सहाव्या, चार दारांच्या गाडीतून जात होतो, कारण कूपेत तिसऱ्याला जागा नव्हती. केनिलवर्थच्या पुढे रस्ता मोकळा झाला, तशी जग्वार कडेला थांबली. दोन्ही दारे उघडली. दोघेही, आपापल्या वयाला शोभेल अशा सावकाशीने, बाहेर आले, पुढच्या त्या लांबलचक नाकाला एकाने डावीकडून आणि एकाने उजवीकडून वळसा घातला, आणि जागा बदलून पुन्हा आत बसले.

वहिनींचे नुकतेच पत्र आले आहे. सहाशे मैल झाले. रेडिएटरची एक नळी बदलली, पंखा एकदा बंद पडला. पाचव्या हिश्शातून थोडेसे गेले. रंग अजून दिलेला नाही. हिवाळ्यापूर्वी वेल्सच्या किनाऱ्याला जाऊन यायचा बेत आहे. खाली दादांच्या अक्षरात एक ओळ आहे: "गावातही ती बरी चालवते."